मागचे गिअर बदलावेत का?



या महिन्याचा प्रश्न खेड तालुक्यातल्या एका भगिनीचा आहे. त्यांचा मुलगा शारजात राहतो आणि नोकरीसाठी रोज दुबईला जातो. आपल्या बचतीतून त्याने २०१६ सालची, हाताने गिअर टाकायची फोर्ड मस्टँग जीटी जुन्या बाजारातून घेतली आहे. आता तो म्हणतो, "मागच्या ॲक्सलचे गिअर ३.३१ चे आहेत. ते काढून ३.७३ किंवा ४.१० चे बसवले की गाडी जोरात उठेल. अम्मी, करू का?" भगिनी लिहितात, "मला यातले काही कळत नाही. नाही म्हटले तर तो थांबेल, पण मनातून खट्टू होईल. हो म्हटले आणि काही झाले तर?"

कमावता मुलगा परमुलखातून आईला असा मशवरा विचारतो, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणून त्याला नुसते हो किंवा नाही न सांगता कारणासह उत्तर मिळायला हवे.

आधी हे आकडे काय आहेत ते पाहू. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून लांब दांड्याने मागे येते. तिथे एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते मोठ्या चाकाला, म्हणजे क्राऊनला फिरवते आणि क्राऊनमुळे मागची चाके फिरतात. क्राऊनला ४१ दाते आणि पिनियनला ११ असतील, तर ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. पिनियनला १० दाते असतील तर ४.१०. याचा अर्थ असा की गाडीचे चाक एकदा फिरायला पिनियनला तेवढे फेरे घ्यावे लागतात. आकडा मोठा, तेवढा चाकाला जोर जास्त. पण त्याच वेगासाठी इंजिनालाही तेवढेच जास्त फिरावे लागते.

कशेडी घाट चढताना एसटीचा चालक खालचा गिअर टाकतो, तेव्हा बस जोर धरते, इंजिन ओरडते आणि वेग मात्र मर्यादित राहतो. मागचे गिअर बदलणे म्हणजे हाच प्रकार सगळ्या गिअरना एकदम आणि कायमचा लावणे. इंजिनाची ताकद यात एका घोड्यानेही वाढत नाही. एका बाजूने घेऊन दुसऱ्या बाजूला देण्याचा हा व्यवहार आहे.

आता मुलाच्या गाडीचा हिशोब. ३.३१ वरून ३.७३ वर गेल्यास चाकावरचा जोर पावणेतेरा टक्क्यांच्या आसपास वाढतो. ४.१० वर गेल्यास सुमारे २४ टक्के. या सालच्या गाडीत पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६६, दुसऱ्याचे २.४३, चौथ्याचे १.३२, पाचव्याचे १ आणि सहाव्याचे ०.६५ आहे. मागच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरू. सहाव्या गिअरमध्ये ताशी १२० किलोमीटरने जाताना इंजिन आज मिनिटाला सुमारे १,९५० फेरे घेते. ३.७३ बसवल्यावर ते २,२०० घेईल आणि ४.१० बसवल्यावर २,४२०. रोजच्या जाण्यायेण्यात हे जास्तीचे फेरे आवाजात आणि पेट्रोलमध्ये दिसतात.

तरुणांच्या गप्पांत सहसा न येणारी एक बाब याच हिशोबातून निघते. आज ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, ६,५०० फेऱ्यांपर्यंत, ताशी १०६ किलोमीटर गाठते. म्हणजे शून्यापासून शंभरपर्यंत एकदाच गिअर बदलावा लागतो. ३.७३ लावल्यावर दुसरा गिअर ९५ च्या आतच संपेल, ४.१० लावल्यावर ८६ ला. शंभर गाठण्यासाठी तिसरा गिअर टाकावाच लागेल आणि त्यात वेळ जाईल. पाठीला धक्का जास्त बसतो, म्हणून गाडी फार वेगवान झाली असे वाटते. घड्याळ तसेच सांगेल असे नाही.

दुसरी बाब याहून सोपी आहे. सहाव्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी उठली नाही, ही तक्रार असेल तर चौथा गिअर टाकावा. ०.६५ वरून १.३२ म्हणजे चाकावरचा जोर दुपटीने वाढला. मागचे गिअर बदलून मिळतो पावणेतेरा टक्के. जो जोर हाताखालच्या दांड्यात फुकट आहे, त्यासाठी गाडी खोलायची का, हे मुलाने स्वतःला विचारावे.

ज्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे, त्यांनीही गिअरबॉक्स आधी पाहावा. जुन्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक मस्टँगमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण ४.१७ होते. २०१८ पासून आलेल्या दहा गिअरच्या पेटीत ते ४.७० आहे. त्यामुळे जुन्या गाडीला मागे ३.५५ असताना पहिल्या गिअरमध्ये एकूण जो जोर मिळे, तोच नव्या गाडीला मागे ३.१५ असतानाही मिळतो. गुणाकार दोन्हीकडे १४.८ येतो. मित्राच्या गाडीला ३.५५ आहे म्हणून आपल्यालाही हवे, हा विचार म्हणूनच कच्चा ठरतो.

आता कामाविषयी. २०१५ च्या मॉडेलपासून सगळ्या मस्टँगना मागे स्वतंत्र सस्पेन्शन आले. त्यामुळे क्राऊन-पिनियनची पेटी जागेवर न उघडता दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढून खाली उतरवावी लागते. पिनियन किती आत बसवायचे ते पातळ शिम घालून ठरते. दात्यांमधली मोकळी जागा मिलिमीटरच्या पाव भागाइतकी बारीक असते. दात्यांना रंग लावून ते एकमेकांवर नेमके कुठे टेकतात हे तपासावे लागते. यात थोडी चूक झाली तरी मागून सतत घूं-घूं आवाज येतो आणि नवे गिअर लवकर खराब होतात. चांगला कारागीर त्याच वेळी बेअरिंग आणि सीलही नवे घालतो. काम झाल्यावर गाडीच्या कॉम्प्युटरला नवा आकडा कळवावा लागतो. पहिल्या फेऱ्या छोट्या ठेवून पेटी थंड होऊ द्यावी, पहिले आठशे किलोमीटर गाडी जोरात हाणू नये आणि मग गिअर ऑईल बदलावे. म्हणून गॅरेजवाल्याला नुसती गिअरची किंमत न विचारता बेअरिंग, सील, ऑईल, मजुरी आणि कॉम्प्युटरचे काम धरून पूर्ण बिल लेखी मागावे. आवाज आला तर पुन्हा खोलून देणार का, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.

परक्या मुलखातला कायदाही बघायला हवा. संयुक्त अरब अमिरातीच्या २०१७ च्या वाहतूक नियमांत परवानगीशिवाय इंजिनात किंवा चासीत बदल केल्यास १,००० दिर्हम दंड, १२ ब्लॅक पॉइंट आणि ३० दिवस गाडी जप्त अशी शिक्षा ठेवली होती. मागचे गिअर त्यात धरले जातात का, हे गॅरेजवाल्याच्या तोंडी भरवशावर सोडू नये. तपासणी केंद्रात आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्यावे. ज्याची रोजीरोटी तिथल्या व्हिसावर आहे, त्याला एका हौसेपायी पोलिसाचा फेरा परवडत नाही.

आता आपल्या दीनच्या दृष्टीने. हलाल कमाईतून माणसाने आवडीची गाडी घेतली, ती चांगली ठेवली, यात गैर काही नाही. शौकाला आपल्याकडे बंदी नाही, बंदी आहे ती इस्राफला. पण इस्राफ कुठे सुरू होतो हे रकमेवरून ठरत नाही. घराचे देणे, कुणाची उसनवारी, बहिणीची फी बाकी असताना केलेला लहान खर्चही इस्राफ होऊ शकतो. सगळ्यांचे हक्क देऊन उरलेल्या पैशातून केलेल्या खर्चाला आपण उगाच ते नाव देऊ नये. दुसरा हक्क रस्त्यावरच्या माणसांचा. बाजूच्या गाडीत कुणाची तरी लेकरे बसलेली असतात. जोर वाढवल्यावर तो कुठे वापरणार, हा प्रश्न म्हणूनच आईने विचारायलाच हवा. ज्याला वेगाची खरी आवड आहे, त्याच्यासाठी अबू धाबीत २००९ पासून यास मरीना सर्किट आहे. तिथे सरळ पट्ट्यावर गाडी पळवायची सोय आहे, देखरेखही आहे. शारजा-दुबईच्या गर्दीच्या रस्त्यावर पहिला गिअर ५७ ला संपो की ७० ला, फरक काय पडणार?

आमचे मत असे. ४.१० चा विचार सोडून द्यावा. रोजच्या प्रवासाच्या गाडीला तो जड जाईल. ३.७३ हा मात्र वाईट पर्याय नाही. त्या काळात कंपनी स्वतःच मॅन्युअल जीटीच्या परफॉर्मन्स पॅकेजमध्ये तो देत असे. पण केवळ त्यासाठी चांगली चालणारी पेटी आज खोलू नये. आधी गाडीच्या दारावरच्या स्टिकरवरचा ॲक्सल कोड पाहून आज नक्की कोणते गिअर आहेत याची खात्री करावी. गाडी जुन्या बाजारातली आहे, आधीच्या मालकाने काय केले ते कुणी पाहिले आहे? मग ३.७३ ची एखादी गाडी एक दिवस चालवून बघावी. पुढे कधी बेअरिंग किंवा सीलसाठी ही पेटी उतरवायची वेळ आलीच, तर त्याच मजुरीत ३.७३ बसवून घ्यावेत. तोवर तेच पैसे चांगल्या टायरवर आणि ब्रेकवर लावले तर ते त्याच्या आणि दुसऱ्यांच्याही जिवाच्या कामी येतील.

ज्यांच्या घरी मस्टँग नाही, त्यांनीही हा प्रश्न दूरचा समजू नये. गल्लीतला मुलगा मोटारसायकलचे मागचे चेन-चक्र ४२ दात्यांचे काढून ४४ चे लावतो, तेव्हा तो हेच करत असतो. पुढे १४ दाते असतील तर प्रमाण ३.०० वरून ३.१४ होते. जोर पाच टक्क्यांहून कमी वाढतो आणि हायवेला इंजिन जास्त फिरते. त्यालाही हाच हिशोब घरात बसून करायला लावा.

भगिनींनी मुलाला फोनवर तीन प्रश्न विचारावेत. हा जोर तू कुठे वापरणार? पूर्ण बिल किती आणि घरचे सगळे देऊन ते उरते का? अशी गाडी तू स्वतः चालवून पाहिलीस का? तिन्हींचे उत्तर तो सरळ देऊ शकला, तर खुशाल हो म्हणावे. एकाही प्रश्नाला तो अडखळला, तर "अजून थांब बेटा" एवढे सांगावे. कारण कळले की मुलगा खट्टू होत नाही. अल्लाह त्याला आणि परदेशात राबणाऱ्या आपल्या सगळ्या मुलांना सुखरूप ठेवो. आमीन.