माणसे आणावयाची की घडवावयाची?

विद्यापीठाच्या आवारात कर्करोग-रुग्णालयाची कोनशिला बसविणे हे तुलनेने सोपे काम आहे. सरकार पैसा मंजूर करते, कंत्राटदार इमारत बांधतो आणि परदेशी यंत्रे यथावकाश येऊन दाखल होतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शस्त्रक्रिया, किरणोपचार, विकृतिशास्त्र आणि मूलभूत संशोधन या विभागांची धुरा कोणाच्या हाती द्यावयाची? वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा प्राध्यापक निविदा काढून मिळत नाही. तो दुसऱ्या एखाद्या संस्थेतूनच आणावा लागतो. म्हणून हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच अर्थशास्त्राचाही आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर अभ्यासण्याजोगे आहे. २००७ साली तेथील मतदारांनी कर्करोग-संशोधनासाठी ३०० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यास संमती दिली आणि २०१९ साली तेवढ्याच आणखी रकमेस मान्यता दिली. राज्याबाहेरील संशोधकांना राज्यातील विद्यापीठांत व रुग्णालयांत आणण्यासाठी या निधीतून खास अनुदाने दिली जातात. ह्यूस्टनचे एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्र हे टेक्सास विद्यापीठाचे अंग आहे. तेथे २०१२ साली जेम्स अ‍ॅलिसन न्यूयॉर्कहून आले, ते याच निधीतील १ कोटी डॉलरच्या अनुदानाच्या बळावर. पुढे २०१८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि केंद्राच्या लौकिकात भर पडली.

सौदा फायद्याचा झाला, असे वरवर पाहता वाटेल. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या कार्यासाठी अ‍ॅलिसन यांचा गौरव झाला, ते मुख्यतः १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातील बर्कले येथे झाले होते. त्यावर आधारलेले औषधही २०११ सालीच मान्य झाले होते. म्हणजे टेक्सासने पिकलेले फळ घेतले. त्याहून उद्बोधक गोष्ट अशी, की हेच अ‍ॅलिसन १९७७ साली तरुण संशोधक म्हणून याच संस्थेच्या स्मिथव्हिल येथील प्रयोगशाळेत दाखल झाले होते आणि टी-पेशींवरील त्यांचे पहिले महत्त्वाचे संशोधन तेथेच झाले होते. तरुणपणी जो माणूस घरातच होता, त्याला परत आणावयास पुढे १ कोटी डॉलर मोजावे लागले.

यावरून ज्येष्ठांची नेमणूक निरर्थक ठरते काय? मुळीच नाही. नामवंत प्राध्यापक एकटा येत नाही. त्याच्यामागून विद्यार्थी येतात, सहकारी येतात आणि नव्या संस्थेवर लोकांचा विश्वास बसतो. शिवाय टेक्सासने शहाणपण असे दाखविले, की ज्येष्ठांबरोबरच प्रथमच अध्यापकपद स्वीकारणाऱ्या तरुणांसाठीही वेगळी अनुदाने ठेवली. मात्र पैसा मुबलक असला म्हणजे सर्व सुरळीत चालते, असेही नव्हे. २०१२ साली सुमारे २ कोटी डॉलरचा एक प्रकल्प शास्त्रीय छाननी डावलून मंजूर झाल्याचे प्रकरण गाजले. निधीचे प्रमुख वैज्ञानिक, नोबेल-विजेते आल्फ्रेड गिलमन, पद सोडून गेले. अनुदाने काही काळ थांबवावी लागली आणि २०१३ साली कायदा सुधारावा लागला. निवडीची निःस्पृहता गेली की मोठी माणसे थांबत नाहीत, हा त्यातला धडा.

आता आपल्याकडे वळू. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, तेव्हा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखा नाणावलेला विकृतिशास्त्रज्ञ तेथे आणला गेला. म्हणजे आरंभ ज्येष्ठाच्या नेमणुकीनेच झाला. पण खानोलकरांनी तेथे विद्यार्थी घडविले. त्यांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविलेल्या डॉ. कमल रणदिवे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकून परत आल्या आणि त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्या परतल्या, याचे श्रेय त्यांच्या देशप्रेमाला आहेच. पण परतून काम करावयास येथे एक जागा होती, याचेही भान ठेवले पाहिजे.

हीच संस्था आज देशभर विस्तारत आहे. २०१९ साली बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात तिचे कर्करोग केंद्र सुरू झाले. उपचारासाठी मुंबईला येऊन परळच्या पदपथावर दिवस काढणाऱ्या उत्तरेकडील रुग्णांच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. तथापि अशा नव्या केंद्रांसाठी जुन्या केंद्रांतील ज्येष्ठच हलवावयाचे ठरले, तर देशातील तज्ज्ञांची एकूण संख्या एकानेही वाढत नाही. एका खिशातील नाणे दुसऱ्या खिशात गेल्याने कोणी श्रीमंत होत नसतो.

संख्या वाढते ती खालच्या पायरीवर, आणि नेमकी तीच पायरी आपण पोखरून ठेवली आहे. आमच्या महाविद्यालयांत उत्तम गुणांनी पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेले तरुण वर्षानुवर्षे घड्याळी तासांवर शिकवीत आहेत. सुट्टी लागली की त्यांचे वेतन थांबते. वैद्यकीय अध्यापनातही कंत्राटी नेमणुकांची रीत रुळली आहे. अकरा महिन्यांच्या कराराने बांधलेला तरुण दहा वर्षे चालणारे संशोधन हाती घेईल, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. तो खाजगी रुग्णालयाची किंवा परदेशाची वाट धरतो, आणि वीस वर्षांनी आपण त्यालाच सन्मानाने परत बोलाविण्याच्या योजना आखतो.

उपाय खर्चाचा आहे, पण अशक्य कोटीतला नाही. कर्करोग केंद्रात ज्येष्ठ प्राध्यापकाचे प्रत्येक पद मंजूर करताना त्याला जोडून निदान दोन कनिष्ठ कायम पदे व काही संशोधन-शिष्यवृत्त्या मंजूर कराव्यात. निवड समितीत संस्थेबाहेरील जाणकारांचे बहुमत असावे. आणि इमारतीच्या खर्चाशेजारीच भरलेल्या व रिक्त पदांचा आकडा दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. मोठ्या माणसाला अवश्य आणावे. मात्र तो निवृत्त होईल त्या दिवशी त्याच्या खुर्चीत बसण्यास त्याचाच एखादा विद्यार्थी लायक झालेला असावा. तसे न झाल्यास केंद्राची इमारत तेवढी राहील, आणि रुग्णाला पुन्हा परळची गाडी धरावी लागेल.