नकाशा आधी दाखवा, झाडू नंतर द्या



आजची नोंद पिकाची कमी आणि पाण्याची जास्त आहे. थोडी लांबली तर सांभाळून घ्या.

‘लोकसहभाग’ हा शब्द मी ज्या ज्या बॅनरवर वाचला, तिथे लोकांच्या हातात झाडूच होता. नाहीतर रोप. झाडू मारायला माझी ना नाही. पण रस्ता कुठून काढायचा, भराव किती उंच टाकायचा, नाला किती रुंद ठेवायचा हे ठरतं तेव्हा बॅनर लागत नाही आणि आम्हाला बोलावणंही येत नाही. सगळं ठरून झालं की मग लोक आठवतात. पीक वाळल्यावर माती परीक्षण करून घ्या म्हणण्यातला हा प्रकार आहे.

आमचं शिवार वसई पूर्वेला. बांधावर उभं राहिलं की समोर एव्हरशाईन सिटीच्या इमारती दिसतात. तिथे राहणाऱ्यांशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगतो. कर्ज काढून घर घेतलेली माणसं आहेत ती. पहाटे लोकल पकडतात, रात्री परत येतात.

आता पाण्याचं बघा. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून उतरलेलं पाणी पश्चिमेला खाडीकडे निघतं. वाटेत रेल्वेचा बांध, त्याखाली मोजक्या मोऱ्या. भरती असली की खाडी पाणी घेत नाही, उलट आत ढकलते. मग ते सहा तास पाणी थांबणार कुठे? पूर्वी थांबायचं ते खाचरांत, खाजणात, मिठागरांत. हिशोब सोपा आहे. एक गुंठा खाचरात चार इंच पाणी उभं राहिलं की साधारण दहा हजार लिटर होतं, म्हणजे एक मोठा टँकर. एकराला चाळीस टँकर. शेतकरी ते पाणी फुकट धरून ठेवायचा आणि ओहोटी लागली की उघाडीतून सोडायचा. त्या खाचरावर पाच फूट भराव टाकला की तेच चाळीस टँकर शेजारच्याच्या दारात जाणार. यात इंजिनियरिंग काही नाही, आमची आईसुद्धा सांगेल.

जुलै २०१८ मध्ये ते सगळ्यांनी पाहिलं. एव्हरशाईन सिटी, वसंत नगरी पाण्यात. लोकल बंद. मिठागरात माणसं अडकली. कित्येक ठिकाणी वीज नव्हती. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई यांना अभ्यासाला बसवलं. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक होता धारण तलाव, म्हणजे भरतीच्या वेळी पाणी थोपवून धरायची जागा. वाचून मी हसलो. अहो, धारण तलाव होतेच की! त्यांना आम्ही खाजण म्हणत होतो. तज्ज्ञांना दोष देत नाही, त्यांनी बरोबरच सांगितलं. प्रश्न हा, की हे आधी गावात येऊन विचारलं असतं तर?

विचारायची जागा होती, ती काढून घेतली. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. आमचं गाव त्या ५३ मधलं. गावोगावी विरोध झाला, मोर्चे निघाले. ३१ मे २०११ ला सरकारने २९ गावं वगळायची अधिसूचना काढली, ती कोर्टात अडकली. गावाने कुठल्या घरात राहायचं हे ठरवायला वर्षानुवर्षं वकील लागले, गावाला मात्र कुणी हात वर करायला सांगितलं नाही.

ग्रामसभा म्हणजे देवाचा दरबार होता असं नाही. कोरमला शंभर माणसं जमायची मारामार, तहकूब व्हायची, कधी सरपंचाचीच माणसं पुढे बसायची. पण उठून विचारता यायचं, आणि विचारलेलं प्रोसिडिंग बुकात लिहावं लागायचं. आता उठायचं कुठे?

गंमत अशी की ज्या वर्षी गावं महापालिकेत गेली त्याच २००९ मध्ये आपल्या राज्यात शहरांसाठी क्षेत्रसभा कायद्यात आली. दोन-चार मतदान केंद्रांमागे एक सभा, अध्यक्ष नगरसेवक, मतदार तिचे सभासद. शहरातली ग्रामसभाच म्हणा. कायदा छापला, आणि बहुतेक शहरांत तो कपाटातच राहिला. आपल्याकडे तर जून २०२० ला नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेपाच वर्षं प्रशासक. अध्यक्षच नाही तर सभा कसली? आता जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली, ११५ नगरसेवक आहेत. म्हणजे सबब संपली.

माझ्याच शेतावरचं सांगतो. तीन वर्षांमागे वरच्या अंगाला कुणीतरी भराव टाकला, नाव घेत नाही. उघाडीकडे जाणारा चर बुजला. नुकती लावणी झालेली खाचरं सहा दिवस पाण्याखाली, शेंडासुद्धा दिसेना. पनवेल-३ लावलं होतं. ती जात खारेपणा सोसते, सहा दिवस बुडून राहणं हे तिचं काम नाही. एका कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, मुदतीत हरकत घेतली होती का? भराव टाकणाऱ्याने मला तारीख सांगून डंपर आणले होते का, साहेब?

हरकत हीच आपली भागीदारी, असं समजून चालले आहेत सगळे. विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की तीस दिवस. तेवढ्यात नकाशातले रंग ओळखायचे, सर्व्हे नंबर शोधायचा, अर्ज लिहायचा, आणि भातकापणी असेल तर तीही करायची. आणि हे काय शेतकऱ्याचंच रडणं नाही. आचोळ्याच्या अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती आठवा. सांडपाणी आणि कचरा प्रकल्पासाठी राखीव जागेवर उभ्या राहिल्या, लोकांनी घरं घेतली, आणि २०२५ पर्यंत कोर्टाच्या आदेशाने सगळ्या पाडल्या. आरक्षणाचा नकाशा वॉर्डात भिंतीवर लावलेला असता, दर सहा महिन्यांनी सभेत वाचला असता, तर त्यातली निम्मी कुटुंबं तरी वाचली असती. नकाशा न पाहिल्याची किंमत फ्लॅटवाल्याने आमच्यापेक्षा जास्त मोजली.

कुणी म्हणेल, लोकांना काय कळतं, आणि तुमच्याच लोकांनी जमिनी विकल्या ना? विकल्या. पण ज्यांनी संघटित होऊन विचारलं त्यांचं वेगळं झालं. १९८९ पासून हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत पश्चिम पट्ट्यात टँकरविरुद्ध, बिल्डरविरुद्ध लढा दिला. आज तिकडे केळी, पानवेली, फुलं दिसतात त्यात त्या लढ्याचा मोठा वाटा आहे. हिवरे बाजारचं नाव काढलं की हल्ली लोक जांभई देतात, तरी काढतो. तिथे पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि मग पीक ठरवतात. ताळेबंद आधी, निर्णय नंतर. आम्ही शहरात गेलो म्हणून आम्हाला हा क्रम लागू नाही का?

तेव्हा ज्यांचं शिवार किंवा घर वसई पूर्वेला आहे त्यांनी एक काम करा. भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा जुना गाव नकाशा काढा. त्यावर नाले, चर, उघाड्या कुठे होत्या आणि आज तिथे काय आहे, हे पेन्सिलने लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवून लिहा, त्यांना नाल्यांची नावं माहीत आहेत. एव्हरशाईनमधल्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींनी २०१८ ला कुठल्या पायरीपर्यंत पाणी आलं तेवढी खूण द्यावी. मी माझ्या बाजूच्या तीन नाल्यांचं वहीत काढून ठेवलंय. राब भाजायच्या आत हे सगळं एकत्र करून आपापल्या नगरसेवकाकडे द्यायचं, आणि क्षेत्रसभेची तारीख लेखी मागायची. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.