नेपोलियनचा नव्हे, पॅरिसच्या रस्त्यावरचा पाव

१/ लांब, कुरकुरीत ‘बगेट’ म्हणजे फ्रान्स, हे समीकरण जगभर रूढ आहे. त्याच्या जन्मकथाही तितक्याच रूढ. कोणी म्हणते, नेपोलियनने सैनिकांच्या विजारीत मावेल असा पाव करवून घेतला. कोणी म्हणते, पॅरिस मेट्रोच्या मजुरांनी चाकू बाळगू नयेत म्हणून हाताने तुटणारा पाव आला. दोन्ही कथा रंजक, पण ठोस पुरावा एकीलाही नाही.

२/ सापडतात ते दुवे साधे आहेत. १८३० च्या दशकाअखेरीस ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन उद्योजकाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. भट्टीत वाफ सोडण्याच्या तंत्राने पावाला चकचकीत, कुरकुरीत कवच येऊ लागले.

३/ पुढे १९१९ च्या कायद्याने रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत बेकरीकामास मनाई केली. झटपट भाजला जाणारा सडपातळ पाव तेव्हा सोयीचा ठरला. मात्र लांब पाव त्याआधीही होते. कायद्याने त्यांना बळ दिले, जन्म नव्हे. ‘काठी’ या अर्थाचे ‘बगेट’ हे नाव पावाला १९२० च्या सुमारास चिकटले.

४/ म्हणजे हे नाव जेमतेम शंभर वर्षांचे. मग एवढी आत्मीयता कशी? तिचे मूळ पावाच्या आकारात नाही, भाकरीच्या प्रश्नात आहे.

५/ १७७५ मध्ये धान्य महागताच ‘पिठाचे युद्ध’ म्हणून ओळखले जाणारे दंगे उसळले. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी पॅरिसच्या स्त्रिया पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजालाच पॅरिसला घेऊन आल्या. जमावाने त्याला ‘पाववाला’ म्हणून हिणवले.

६/ १७९३ मध्ये क्रांतिकारी शासनाने श्रीमंत-गरीब सर्वांसाठी एकच ‘समतेचा पाव’ फर्मावला. पावाच्या किमतीवरील सरकारी नियंत्रण, मधले खंड वगळता, १९८० च्या दशकापर्यंत टिकले.

७/ १९९३ च्या अध्यादेशाने ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ गोठवण्यास मनाई केली. २०२२ मध्ये युनेस्कोने बगेटची कारागिरी व संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

८/ म्हणूनच नेपोलियनची दंतकथा निरुपद्रवी नाही. ती पावाचे श्रेय एका सम्राटाला देते आणि व्हर्सायवर चालून गेलेल्या स्त्रिया व रात्रभर भट्टीपुढे घाम गाळणारे कामगार यांना इतिहासातून पुसून टाकते. बगेटचा वारसा सांगायचा, तर आधी त्यांची नावनिशी नसलेली कहाणी सांगितली पाहिजे.