काही होत नाही ना? मग रक्तदाब मोजून घ्या!

गेल्या महिन्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस असल्याने दवाखान्यात गर्दी होती. एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना हाताला धरून आत घेऊन आल्या. मी खुर्चीवरून उठलो, कारण ते आमच्या गावचे जुने गुरुजी. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवले. मी नमस्कार केला. त्यांनीही हसून नमस्कार केला आणि सुनेला विचारले, "हे कोण गं?"

पंचवीस वर्षांहून अधिक काळ ते मला ओळखतात. सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, परवा मामंजी शाळेत जायचं म्हणून निघाले, ते एस.टी. स्टँडवर सापडले. पैशांचा हिशेब तर वर्षभर जमत नाही. पंच्याहत्तरी झाली, वयच झालं म्हणायचं का?"

'हो, वय झाले' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण त्या रात्री मी जुन्या केसपेपरांची ट्रंक उघडली. गुरुजींचा कागद सापडला. साल १९९८, वय ४८, रक्तदाब १५०/९६. त्याखाली माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'मीठ कमी. काळजीचे कारण नाही.' पुढची नोंद थेट २००९ सालची : रक्तदाब १७०/१००, रक्तातली साखरही वाढलेली. मधली अकरा वर्षे कागद कोरा. तेव्हापासून गोळ्या सुरू झाल्या खऱ्या, पण डोके दुखले की घ्यायच्या आणि थांबले की बंद, अशा.

पाठ्यपुस्तकात तेव्हाही १४०/९० हीच मर्यादा होती. पण वडीलधाऱ्या डॉक्टरांकडून तोंडी चालत आलेला एक हिशेब आमच्या पिढीच्या डोक्यात बसलेला होता : शंभर अधिक वय, एवढा रक्तदाब चालतो. त्या हिशेबाने गुरुजींना १४८ चालत होता, म्हणून १५० कडे मी काणाडोळा केला. त्यांना काही त्रास नव्हता, म्हणून तेही परत आले नाहीत. मीही निरोप पाठवला नाही.

आता कोणी विचारील, त्या दुर्लक्षामुळेच गुरुजींची स्मृती गेली का? प्रामाणिक उत्तर असे की, एका माणसाबाबत हे छातीठोकपणे सांगता येत नाही. मात्र हजार माणसांबाबत बरेच काही सांगता येते. आपले शेतकरी पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात. सत्तर उगवले तर बियाणे पेरण्याजोगे. पोत्यातला नेमका कोणता दाणा उगवणार नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. तरी पेरणीचा निर्णय त्या मोजणीवरच होतो. माणसांच्या मोठ्या समूहाची अशीच मोजणी वर्षानुवर्षे करायची, याला लोकसंख्या-अभ्यास म्हणतात.

यातला सर्वांत नावाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या बॉस्टन शहराजवळच्या फ्रॅमिंगहॅम या गावातला. त्याची पार्श्वभूमी जाणून घेण्यासारखी आहे. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४१ साली १८८/१०५ होता. तरी त्यांची प्रकृती वयाच्या मानाने ठीक आहे, असेच त्यांचे खासगी डॉक्टर सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वयाच्या ६३ व्या वर्षी गेले. त्या दिवशी रक्तदाबाची नोंद ३००/१९० होती. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखालाही 'वयाच्या मानाने ठीक' हाच सल्ला मिळाला होता!

पुढे १९४८ साली फ्रॅमिंगहॅमचा अभ्यास सुरू झाला. तीस ते बासष्ट वयाच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची नावे नोंदली गेली. त्यांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची, कोणाला काय होते ते लिहून ठेवायचे आणि आधीच्या आकड्यांशी ताडून पाहायचे, एवढेच काम. १९६१ साली कॅनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या सहा वर्षांचा ताळेबंद मांडला. वाढलेला रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, हे त्यातून स्पष्ट झाले. आज आम्ही डॉक्टर सर्रास वापरतो तो 'धोक्याचे घटक' हा शब्दप्रयोग तेव्हापासून रुळला. १९७१ साली त्या लोकांची मुले अभ्यासात आली, २००२ साली नातवंडे.

हृदयासाठी सुरू झालेल्या या अभ्यासाने पुढे मेंदूबद्दलही सांगितले. १९५० आणि १९६० च्या दशकांत ज्यांचा रक्तदाब वाढलेला आणि बहुतांशी उपचाराविना राहिलेला होता, त्यांच्या स्मरणशक्तीच्या व आकलनाच्या चाचण्या १९७० च्या दशकात घेतल्या, तेव्हा त्यांचे गुण कमी भरले. हा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. लंडनच्या सरकारी नोकरांचा 'व्हाइटहॉल' अभ्यास १९८५ साली सुरू झाला. त्यातही २०१८ साली असेच दिसले की, पन्नाशीत वरचा रक्तदाब १३० किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांना उतारवयात स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक असतो. याच अभ्यासाने २०२१ साली साखरेचे गणित मांडले. ज्यांना साठीच्या आत मधुमेह झाला, त्यांना मधुमेह नसलेल्या सत्तरीच्या लोकांच्या तुलनेत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट आढळला.

हे असे का होते? मेंदूच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसाएवढ्या बारीक असतात. शेतातल्या ठिबकची आठवण करा. पंपाचा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला किंवा पाण्यात क्षार जास्त असले, तर मुख्य पाइप शाबूत दिसतो, पण शेवटच्या नळ्या आधी खराब होतात. टोकाची रोपे सुकू लागली की मगच आपल्याला कळते. तसेच रक्तदाब आणि साखर यांमुळे त्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व कडक होतात, मेंदूचा कणाकणाने भाग रक्तावाचून मरतो आणि रुग्णाला त्या वेळी काहीच जाणवत नाही. हृदय, साखर आणि स्मृती यांची दुखणी वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या पाट्यांखाली गेली असली, तरी त्यांची वाट बरीचशी एकच आहे.

इथे पारावरचा नेहमीचा मुद्दा येतो. "डॉक्टर, आमचे आजोबा नव्वदीपर्यंत विडी ओढत होते, रोज ठेचा-भाकरी खायचे, त्यांना कुठे काय झालं?" खरे आहे. पण त्यांच्या बरोबरीचे जे पन्नाशीत गेले, ते पारावर बसून आपली हकिगत सांगायला येत नाहीत. नव्वदी गाठलेले एक आजोबा दिसतात, अर्ध्या वाटेत गेलेले त्यांचे सोबती कोणी मोजत नाही. लोकसंख्या-अभ्यास दोघांनाही मोजतो, म्हणून मी त्याचे ऐकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : हे सगळे गोऱ्या लोकांचे आकडे, ते आपल्याला कसे लागू? फ्रॅमिंगहॅमचे मूळ लोक बहुतेक गोरे होते, हे खरेच. पण आपल्याकडचे आकडे दिलासा देणारे नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळे वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्या अंगात चरबी त्या मानाने जास्त असते, असे त्यातून दिसले. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! "मी काही जाड नाही, मला कशाला साखर होईल?" असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

त्याच वर्षी, म्हणजे २००४ साली, ५२ देशांतल्या हृदयविकाराच्या झटक्यांचा 'इंटरहार्ट' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, असे त्यात आढळले. आणि २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने अंदाज दिला : भारतात मधुमेही १० कोटी १० लाख, मधुमेहाच्या उंबरठ्यावर १३ कोटी ६० लाख, आणि दर शंभर प्रौढांत ३५ जणांना उच्च रक्तदाब. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासानुसार साठीच्या पुढच्या दर शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, एकूण ८८ लाख. त्यात बायकांचे आणि खेड्यांतले प्रमाण अधिक आहे.

एवढे वाचून वाचकांनी घाबरून जाऊ नये. उलट या अभ्यासांतच दिलाशाची गोष्ट आहे. फ्रॅमिंगहॅममध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून दर दशकाला स्मृतिभ्रंशाच्या नव्या रुग्णांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटत गेले, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. मात्र ही घट शालेय शिक्षण पूर्ण केलेल्यांतच दिसली, हेही ध्यानात घ्यावे. म्हणजे शाळा हाही मेंदूचा एक उपचारच. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल, ऐकू कमी येणे, दृष्टी अधू होणे अशा चौदा गोष्टी सांगितल्या. त्या सर्व आटोक्यात आल्या, तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा तिचा अंदाज आहे.

नुसत्या निरीक्षणावर विश्वास न ठेवणाऱ्यांसाठी एक प्रत्यक्ष प्रयोगही सांगतो. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार रक्तदाबाच्या रुग्णांवर तो झाला. निम्म्या गावांत साध्या ग्रामवैद्यांनी नियमित गोळ्या, पाठपुरावा आणि सल्ला देऊन रक्तदाब आटोक्यात आणला. चार वर्षांत त्या गावांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. २०२५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मोठी यंत्रे नव्हती, महागडी औषधे नव्हती. जे चीनच्या खेड्यात जमले, ते आपल्या उपकेंद्रात का जमू नये?

माझे स्पष्ट मत असे आहे की, फ्रॅमिंगहॅमच्या लोकांकडून आपण धोक्याच्या घटकांची यादी घेतली, पण त्यांची सवय घेतली नाही. आजारी नसताना, काम बाजूला ठेवून, ती माणसे दर दोन वर्षांनी तपासून घ्यायला जात राहिली आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रत्येकाची नोंद जपली. आपल्याकडे अंगावर काढण्याला मर्दुमकी समजतात. बायका तर घरातल्या सर्वांचे झाल्यावरच स्वतःकडे बघतात. आणि आम्ही डॉक्टर मंडळी समोर आलेला ताप-खोकला पाहतो, पण न आलेल्या माणसाची चौकशी करत नाही. गुरुजींच्या कागदावरची अकरा वर्षांची कोरी जागा आम्हा दोघांची आहे. पण जाणकार मी होतो, म्हणून दोष माझा जास्त.

तेव्हा वाचकांनी एवढे करावे. तिशी ओलांडली की वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, चहा-तंबाखू टाळावी, हात टेबलावर टेकवावा आणि दोनदा मोजायला सांगावे. आकडा तारखेसह घरातल्या वहीत लिहावा. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर वजनकाटा काहीही म्हणो, सावध व्हावे. मिसरी आणि गुटखा सोडावा. पापड-लोणच्यावर हात आवरावा. ऐकू कमी येत असेल, तर लाजू नये. गोळी सुरू असताना रक्तदाब बरोबर आला, म्हणजे गोळी काम करते आहे. ती बंद करण्याचे ते कारण नव्हे. फार वृद्धांना गोळीने उठताना चक्कर येत असेल, तर परस्पर न थांबवता डॉक्टरांना सांगावे.

गुरुजींची पुढची तपासणी चालू आहे. रक्तदाब आणि साखर आता आटोक्यात आहेत. गेलेले सगळे परत येईल, असे मी सूनबाईंना सांगितले नाही, पण राहिलेले जपता येईल, असे सांगितले. परवा त्यांना घेऊन त्यांचा मुलगा आला होता. वय ४७. सहज त्याच्याही दंडाला पट्टा बांधला. १४८/९४. "मला काही होत नाही हो डॉक्टर," तो हसत म्हणाला. मी पुन्हा मोजला, कागदावर लिहिला, त्याचा फोन नंबर घेतला आणि पुढच्या आठवड्यातली तारीख टाकली. त्या तारखेला तो आला नाही, तर या वेळी फोन मी करणार आहे.