उशाचा डोंगर

दिवाळीची सुट्टी लागली, की आमच्या पिंपळगाव रेणुकाईतली मुले पुण्या-मुंबईच्या मामाकडे पाठवली जातात. उशाला अजिंठ्याचा डोंगर. तो मात्र कुणी चढत नाही. ‘तिथे काय बघायचंय?’ घरचे विचारतात.

यंदा मी दोघा पुतण्यांना नेले. वाटेत अन्व्याचे कोरीव शिवमंदिर, मग लेणापूरकडचा माथा. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला वाघूरच्या घळीपलीकडे लेणे दिसले, ते माथ्याच्या याच बाजूने. पायवाट उतरताना धाकट्याचा गुडघा फुटला. रडला नाही; उलट पुढे निघाला! हे धाडस तिकीट काढून मिळत नाही. पावसाळ्यात वाट निसरडी, तेव्हा नको. पण हिवाळ्यात शाळांनी सहलीची बस माथ्यावरच थांबवावी. खाली मुले पायी उतरतील.