शासनाचा संप मागे कधी?

कॉलेजातले लोक संपावर गेले रे गेले की महाराष्ट्रात विद्यार्थिप्रेमाची साथ येते. आपला पुतण्या कितव्या वर्षाला आहे हे ज्याला काल ठाऊक नव्हतं, तो आज पेपर आपटून विचारतो, "पोरांच्या भवितव्याचं काय?" मंत्री विचारतात, अग्रलेख विचारतात, आमच्या सोसायटीतले निवृत्त बँक अधिकारीही विचारतात. हे गृहस्थ नोकरीत असताना झेंडा घेऊन कितीदा गेटवर उभे राहिले त्याची गणती नाही, आणि त्यांची पेन्शनही 1993 साली संघटनांशी झालेल्या करारातून आली, आकाशातून पडली नाही. पण आपला संप तो लढा आणि दुसऱ्याचा तो माज, हे शास्त्र आपल्याकडे फार प्राचीन आहे.

माझा हितसंबंध आधीच सांगून टाकतो. मी 2005 च्या आधी चिकटलेला, जुनी पेन्शन सुखेनैव खाणारा निवृत्त प्राध्यापक. तेव्हा पोटात दुखायचं मला काही कारण नाही. दुखतं ते डोकं.

ऑक्टोबर 2005 च्या अखेरीस राज्य शासनाचा फतवा निघाला. 1 नोव्हेंबरपासून जो सेवेत येईल, त्याला जुनी पेन्शन नाही. पगारातून दहा टक्के कापणार, तेवढीच भर शासन घालणार, आणि म्हातारपणी हाती काय पडेल ते बाजाराला विचारा. किती कापायचं ते ठरलेलं, किती मिळायचं ते रामभरोसे. यातली खरी खुमारी तारखेत आहे. ज्यांचं नुकसान व्हायचं होतं ते त्या दिवशी नोकरीतच नव्हते. कोणी एम.ए.ला होतं, कोणी शाळेत. बोंब मारणार कोण? आणि जे नोकरीत होते त्यांचं शाबूत राहिलं, त्यामुळे आमच्या संघटनांचा क्रांतिकारी बाणा वेतनश्रेणीच्या कोष्टकांत सुखाने रमला. (पुढाऱ्यांना या ओळीचा राग येईल. येऊ दे.) मग सतरा वर्षांनी, 14 मार्च 2023 ला, 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत लाखो कर्मचारी संपावर गेले, तेव्हा राज्यकर्ते दचकले. एवढं दचकायला काय झालं? एम.ए.ची ती पोरं आता चाळिशीला टेकली होती आणि त्यांनी हिशेब करून पाहिला होता.

आता तिजोरीचं करुण आख्यान ऐका. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ठणकावलं: जुनी पेन्शन देणार नाही, 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. ठीक. अर्थशास्त्र आहे, मान तुकवावी. पण जानेवारीत विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका लागल्या आणि तेच फडणवीस सांगू लागले की आम्ही याबाबत नकारात्मक नाही. महिन्याभरात तिजोरीत असा कोणता कुबेर उतरला? मतदार मास्तर असला तरी अगदीच बावळट नसतो. नागपूरच्या शिक्षक मतदारसंघात भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार पडले, सुधाकर अडबाले निवडून आले. मग मार्चचा संप झाला. सात दिवसांनी मिटला. काय मिळालं? समिती! निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची, तीन जणांची. म्हणजे पेन्शन मिळावी की नाही हे ठरवायला पेन्शनर बसवले.

आणि 1 मार्च 2024 ला, लोकसभेच्या तोंडावर, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात जाहीर केलं की शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के पेन्शन मिळेल, वर महागाई भत्ता. नवी योजनाच, पण सुधारित. दिवाळखोरीचं काय झालं? ती बहुधा आचारसंहितेत अडकली.

तिजोरीच्या या नाजूक प्रकृतीला एकच गोष्ट मात्र बिनबोभाट पचते. माजी आमदारांची पेन्शन. 2016 साली ती दरमहा 40 हजारांवरून 50 हजारांवर नेली, विधेयक चर्चेविना मंजूर झालं. पाच वर्षांच्या पुढे प्रत्येक वर्षामागे दोन हजार आणखी. समिती नाही, बोजा नाही, बाजाराची जोखीम नाही. भूतदया म्हणतात ती हीच.

पण मला खरी मौज वाटते ती 'विद्यार्थ्यांचं नुकसान' या मंत्राची. 2017 मध्ये शासनाने प्राध्यापक भरती बंद केली. नंतर थोडी उघडली, पुन्हा अडवली. माणूस निवृत्त होतो, खुर्ची रिकामी राहते आणि विषय शिकवायला येतो तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. नेट-सेट, पीएच.डी., सगळी बिरुदं मिरवणारा, आणि मोबदला तासावर, रंगाऱ्याच्या रोजासारखा. रंगाऱ्याला निदान संध्याकाळी पैसे मिळतात. याचं बिल महाविद्यालयातून सहसंचालक कार्यालयात जातं आणि तिथे त्याला मोक्ष मिळतो. यूजीसीने 2019 मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला 1500 रुपये, महिन्याला 50 हजारांपर्यंत द्यावेत असं सुचवलं, तेव्हा आपल्या पुरोगामी राज्यात पदवीच्या तासाला 500 चालू होते. एक विभाग, एक पूर्णवेळ माणूस, बाकी सगळे तासवाले: असली कॉलेजं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तिथे पोरांचं नुकसान होत नाही? होतं, रोज होतं, फक्त त्याची बातमी होत नाही. शिकवायला माणूसच न नेमणं हाही संपच की! तो शासनाने पुकारलेला आहे, बेमुदत आहे, आणि त्यासाठी कोणाचा पगार कापला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शिक्षकेतरांची तऱ्हा आणखी न्यारी. त्यांना आश्वासित प्रगतीची वेतनश्रेणी देणारे निर्णय शासनानेच काढले आणि शासनानेच रद्द केले. कारण? वित्त विभागाला विचारायचं राहिलं होतं! घरात न विचारता सोफा आणला म्हणून नवरा ओशाळतो. इथे सरकार ओशाळलं नाही, दिलेले पैसे वसूल करायला निघालं. सातव्या वेतन आयोगाची 58 महिन्यांची थकबाकी वेगळीच. निवेदनं दिली, काळ्या फिती लावल्या, लेखणी बंद केली. फेब्रुवारी 2023 मध्ये त्यांनी परीक्षांना हात लावायचं नाकारलं, वेळापत्रकं कोसळली, आणि विद्यापीठ हे कुलगुरूंच्या दीक्षान्त भाषणावर चालत नसून परीक्षा विभागातल्या क्लार्कच्या मानेवर चालतं, हा दिव्य साक्षात्कार मंत्रालयाला झाला. लगोलग बैठक! लोक विचारतात, ऐन परीक्षेतच का संप? मग काय मे महिन्याच्या सुट्टीत करायचा?

2013 मध्ये प्राध्यापकांनीही ऐन परीक्षेचाच मुहूर्त गाठला होता. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांचा घोळ यासाठी फेब्रुवारी ते मे परीक्षेच्या कामावर बहिष्कार. वर्गावर मंडळी जातच होती, तरी शासनाने 71 दिवसांचा पगार रोखला. प्रकरण कोर्टात गेलं, आणि तो पगार द्यायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळेपर्यंत 2022 साल उजाडलं. पेपर मात्र त्याच उन्हाळ्यात तपासून झाले होते. निकाल लागला, पोरं पास झाली, नोकरीला लागली, काहींची लग्नंही झाली. तेवढ्यात सरकारची एक फाईल दुसऱ्या टेबलावर गेली होती.