नोंद कुणाची, चित्र कुणाचे?

‘एन. एफ. टी.’ घेणे म्हणजे संगणकावरील चित्र घेणे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः विकली जाते ती नोंद. असंख्य संगणकांवरील एका सामाईक वहीत ‘हे टोकन अमक्याचे’ असे लिहिले जाते. नाण्याच्या बदल्यात नाणे द्यावे तसे ते दुसऱ्याने बदलता येत नाही, एवढेच त्याचे वेगळेपण. चित्र बहुधा अन्यत्र असते. त्याची नक्कल कोणीही काढावी!

राजा रविवर्म्यांची लक्ष्मी शिळाछापाने घरोघर पोचली, तरी मूळ चित्राची सर छापाला आली नाही. इथे मूळ आणि नक्कल यांत तसूभरही फरक नाही. मग मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात बीपलच्या चित्राला सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलर मिळाले, ते कशाचे? माझ्या मते, नोंदीचे.

काहीजण याला शेताचा उतारा म्हणतात. मला ते पटत नाही. निपाणीकडच्या तंबाखूच्या शेताच्या उताऱ्यामागे सरकार आहे, कोर्ट आहे आणि मुख्य म्हणजे जमीन आहे. टोकनाबरोबर चित्राचा कॉपीराइटसुद्धा आपोआप येत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे त्याला लेखी करार लागतो. आपल्या बेळगावच्या चित्रकार मुलामुलींनी टोकन विकण्यापूर्वी हे नीट ध्यानी घ्यावे.

तिकिटे, प्रमाणपत्रे यांची शहानिशा करण्यास ही युक्ती उपयोगी पडेल, हे मी मानतो. श्रीमंतीसाठी घेणाऱ्यांनी मात्र हिशेब करावा: १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि तोटा इतर उत्पन्नातून वळता करता येत नाही.